बाथरूममधल्या अडचणीच्या जागा रंगवताना या चुका टाळा

मुंबईतल्या बऱ्याच बाथरूममध्ये टाइल्स दरवाजाच्या उंचीपर्यंत, म्हणजे साधारण सात फूट असतात. रंगाचं काम उरतं ते त्याच्या वर, आणि नेमके तिथेच गिझर, पाइप, एक्झॉस्ट फॅन आणि माळा दाटीवाटीने बसलेले असतात. पोपडेही आधी इथलेच निघतात. दोष सहसा रंगाचा नसतो. ब्रश कसाबसा पोहोचलेला असतो, घासकागद मात्र पोहोचलेलाच नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ओल न तपासता रंग लावणं. दीड फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि 24 तासांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय. वरच्या मजल्याचं किंवा डक्टमधलं (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतलं) लीकेज आधी काढा. थेंब फक्त बाहेरून असतील तर ती आंघोळीची वाफ आहे, तिथे एक्झॉस्टकडे लक्ष द्या.

काळ्या बुरशीवर तसाच रंग मारला की ती रंगातून पुन्हा वर येते. एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून पंधरा मिनिटं ठेवा, धुवा, पूर्ण सुकू द्या. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. आणि हे कृपा करून विसरू नका: त्याच दिवशी टाइल्सना ॲसिड लावू नका. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि बाथरूमसारख्या कोंदट जागेत तो जिवावर बेतू शकतो.

आता पाइपमागची भिंत. पाइप आणि भिंत यांच्यात जेमतेम इंच-दीड इंच फट असते. तिथे जाडा ब्रश कोंबला की केस फाकतात, रंगाचा गोळा वरच्या कडेला साचतो आणि ओघळ थेट टाइलवर येतो. त्यापेक्षा भांडी घासायच्या स्पंजची पातळ पट्टी कापून जुन्या फूटपट्टीच्या टोकाला दोऱ्याने घट्ट बांधा. रंगात बुडवा, डब्याच्या कडेला निथळवा आणि खालून वर ओढा. दोन पातळ हात द्या, एक जाड नको. घासायलाही हीच युक्ती: फूटपट्टीला 120 नंबरचा घासकागद गुंडाळा. पाइपवर आधी कागद गुंडाळून मास्किंग टेप लावा.

पाइपच रंगवायचा असेल तर जीआय पाइपवर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपवर, थेट ऑइल पेंट मारू नका. जस्ताशी त्याची प्रक्रिया होऊन रंग सालीसारखा सुटतो. आधी गॅल्वनाइज्ड पत्र्यासाठीचा प्रायमर हवा.

गिझरमागे हात जात नसेल तर दोनच मार्ग: प्लंबरकडून गिझर उतरवून घ्या, नाहीतर दिसेल तेवढंच नीट करा. अर्धवट लावलेली पुट्टी तिथे टिकत नाही. दोन्ही वेळी एमसीबी (वीज तोडणारा मुख्य बोर्डावरचा स्विच) बंद, नुसतं बटण नव्हे.

लूव्हर खिडकीच्या काचेच्या पट्ट्या काढूनच चौकट रंगवा. एक्झॉस्टची जाळीही काढा. जुना ऑइल पेंट असेल तर चमक जाईपर्यंत घासा, नाहीतर वरचा इमल्शन (पाण्यात मिसळायचा रंग) धरत नाही.

जून ते सप्टेंबर हे काम शक्यतो टाळा. करावंच लागलं तर डब्यावर चार तास लिहिलेलं असलं तरी दोन हातांत एक रात्र जाऊ द्या. टेप मात्र शेवटचा हात हाताला चिकटेनासा झाला की लगेच काढा. रंग कडक झाल्यावर ओढली तर कडेचा रंग टेपबरोबर येतो. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाइपच्या आणि फ्लश टँकच्या मागे बघा. राहिलेला पांढरा ठिपका तिथेच सापडतो.