बाहेरची ईईप्रॉम जोडताय? या चुका टाळा

ईईप्रॉम म्हणजे वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी चिप. ती मायक्रोकंट्रोलरला जोडली, शून्य पत्त्यावर एक बाइट लिहिला, परत वाचला, बरोबर आला. मग दहा-वीस लिहिले, तेही आले. मेमरी चालतेय असं मानून बहुतेक जण पुढच्या कामाला लागतात, आणि खरी गोची त्यानंतर सुरू होते. अशा सिरियल (मोजक्या तारांवरून एकेक बिट पाठवणाऱ्या) मेमरीतल्या बऱ्याच चुका एवढ्याशा चाचणीत दिसतच नाहीत. नंतर डेटा बिघडला की खापर चिपवर फुटतं, पण चिप क्वचितच दोषी असते.

आधी किरकोळ गोष्ट. २४एलसी२५६ या ईईप्रॉमच्या नावातले २५६ हे किलोबिट आहेत, म्हणजे जागा ३२ किलोबाइट. या चिपला पत्ता दोन बाइटमध्ये द्यावा लागतो. २४सी०२ पासून २४सी१६ पर्यंतच्या छोट्या चिपना एकच बाइट लागतो. मोठ्या चिपचा कोड छोटीवर चालवला, तर पत्त्याचा दुसरा बाइट ती डेटा समजून साठवते.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक: पानाची हद्द. पान म्हणजे एका आदेशात लिहिता येणारा सलग भाग; २४एलसी२५६ मध्ये ते ६४ बाइटचं असतं. पत्ता ६० पासून सलग दहा बाइट पाठवले, तर पहिले चार ६० ते ६३ वर बसतात आणि उरलेले सहा ६४ वर न जाता त्याच पानाच्या सुरुवातीला, ० ते ५ वर जातात. तिथला जुना डेटा गेला! चिप प्रत्येक बाइटला इमानदारीत होकार देते, त्यामुळे कोडला काहीच कळत नाही. वाचताना मात्र अशी हद्द नसते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो.

त्यात अर्डुइनो उनो या बोर्डवर, चिपशी बोलणाऱ्या वायर लायब्ररीचा बफर (पाठवायचा डेटा आधी साठवायची जागा) ३२ बाइटचा. पत्त्याचे दोन गेले की डेटासाठी ३० उरतात. जास्तीचे बाइट गुपचूप गळतात, कारण राइट फंक्शनने परत दिलेला आकडा सहसा कुणी तपासत नाही. माझं मत विचाराल तर १६ ने भाग जाणाऱ्या पत्त्यापासून १६-१६ बाइटचे तुकडे लिहावेत. वेग थोडा कमी होतो, पण २४सी०४ पासून वरच्या नेहमीच्या चिपवर हद्द ओलांडली जात नाही. २४सी०२ चं पान मात्र बहुधा ८ बाइटचंच असतं.

लिहिण्याचा आदेश संपला की चिप आतल्या आत जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद कामात असते आणि तेवढा वेळ हाकेला ओ देत नाही. लगेच दुसरं लेखन पाठवलं तर ते वाया जातं. सिरियल मॉनिटरवर छापणाऱ्या ओळी असताना सगळं नीट चालतं आणि त्या काढल्या की बिघडतं, असं झालं तर पहिला संशय इथेच घ्या. त्या ओळींमुळे नकळत विलंब मिळत होता. चिपचा स्वतःचा पत्ता (आतल्या जागेचा नव्हे) पुन्हा पुन्हा पाठवून होकाराची वाट पाहणं हा चांगला उपाय. ५ मिलिसेकंदांचा डिले टाकलात तरी चालेल.

जोडलेल्या चिप शोधणाऱ्या स्कॅनर प्रोग्रॅमला चिप दिसते, एरर नाही, तरी वाचलं की जुनीच किंमत? लेखन रोखणारी डब्ल्यूपी पिन बघा. ती हाय असली तर २४एलसी२५६ होकार देते, पण लिहीत काहीच नाही. पत्त्याच्या पिनाही लोंबकळत ठेवू नका. चिपचा स्वतःचा पत्ता त्यांवरून ठरतो; तिन्ही ग्राउंडला जोडल्या की तो हेक्स (सोळाच्या पद्धतीत) ५०. डीएस३२३१ घड्याळाच्या मॉड्यूलवर बऱ्याचदा २४सी३२ आधीच बसवलेली असते, बहुधा हेक्स ५७ वर. तोच पत्ता दुसऱ्या चिपला दिला तर टक्कर ठरलेली.

चिप अजिबातच दिसत नसेल तर एसडीए (डेटाची तार) आणि एससीएल (क्लॉकची तार) यांवरचे पुल-अप, म्हणजे तार हाय ठेवणारे रेझिस्टर, तपासा, ४.७ किलोओहमपासून सुरुवात करा. वाचन चालू असताना मायक्रोकंट्रोलर रीसेट झाला, तर चिप एसडीए खाली धरून बसू शकते आणि पूर्ण बस, म्हणजे सगळ्या चिपच्या या सामाईक तारा, अडते. एससीएलवर नऊ पल्स देऊन ती सोडवता येते.

डब्ल्यू२५क्यू मालिकेतल्या एसपीआय फ्लॅशचे (वेगळ्या तारांवर चालणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मेमरीचे) नियम वेगळे आहेत. तिथे लेखनाने बिट फक्त १ चा ० होतो. पुन्हा १ हवा असेल तर किमान ४ किलोबाइटचा सेक्टर पुसावा लागतो. न पुसता लिहिलं की जुन्या-नव्याची खिचडी वाचायला मिळते. प्रत्येक लेखनाआधी आणि पुसण्याआधी राइट-एनेबलचा आदेशही हवा. शिवाय ३.३ व्होल्टच्या चिपला ५ व्होल्टचे सिग्नल थेट देऊ नका.

चाचणी करायचीच तर पूर्ण चिपची करा. प्रत्येक जागी पत्त्याला २५१ ने भागून उरणारी बाकी लिहा, वीज बंद करून चालू करा आणि मग वाचा. पत्त्याचा फक्त खालचा बाइट लिहिलात तर नमुना दर २५६ बाइटनंतर जसाच्या तसा येतो आणि वरच्या बाइटची चूक लपते.

झीज मात्र या चाचणीत कळणार नाही. २४एलसी२५६ ची हमी १० लाख लेखनांची आहे. दर सेकंदाला एकाच जागी काउंटर लिहिलात, तर ती साडेअकरा दिवसांत संपते. म्हणून किंमत बदलली असेल तरच लिहा आणि काउंटर वेगवेगळ्या पानांवर फिरवत ठेवा. सतत लिहायचंच असेल तर एफरॅम ही वेगळ्या प्रकारची, वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी घ्या. तिला ५ मिलिसेकंद थांबावंही लागत नाही.