पेन्शनवर येणाऱ्या फौजीसाठी: कोणतं काम आधी, कुठल्या दारात

जवान पेन्शनवर घरी येतो तेव्हा बहुतेक वेळा त्याची चाळिशीही उलटलेली नसते. मुलं शाळेत, आईवडील थकलेले, खात्यात एकरकमी फंडाचे पैसे आणि पारावर रोज एकच प्रश्न: "आता पुढं काय?" त्याचं उत्तर सावकाश द्या. आधी खालची कामं याच क्रमाने उरका, कारण पहिलं अडलं की मागची सगळी अडतात.

युनिट सोडण्याआधी नावं जुळवा

सगळ्यात जास्त वेळ याच कामाला द्या. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत. शाळेच्या दाखल्यावर सुनीता, आधारवर सविता आणि डिस्चार्ज बुकात कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते. आईच्या नावापुढे कुठे 'बाई' आहे, कुठे नाही. मुलाची खरी जन्मतारीख ऑक्टोबरमधली आणि शाळेत घातलेली १ जून. आज हे किरकोळ वाटतं. पण कुटुंब निवृत्तिवेतन, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड, मुलांची शिष्यवृत्ती, सगळं याच नोंदींवर चालतं.

नोकरीत असेपर्यंत ही दुरुस्ती पार्ट टू ऑर्डरने, म्हणजे युनिटने काढलेल्या नोंदीच्या आदेशाने होते. बाहेर पडल्यावर त्याच कामासाठी प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात जाहिरात आणि सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागतो. रेकॉर्ड ऑफिस प्रत्येक रेजिमेंटचं वेगळं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिकला. म्हणून डिस्चार्ज ड्रिलला (सेवा सोडतानाच्या कागदोपत्री कामांना) निघण्याआधीच्या सुट्टीत घरातल्या प्रत्येकाचं आधार, पॅन आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. इंग्रजी स्पेलिंगसुद्धा. पेन्शनचं खातं पत्नीसोबत संयुक्त करायचं तेही याच सुट्टीत.

गावी आल्यावर: जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय

डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार, पॅन, पासबुक आणि फोटो. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन जा. इथे नोंदणी झाली की माजी सैनिकाचं ओळखपत्र मिळतं, पत्नीचंही नाव चढतं आणि नोकरीसाठीची नोंदणीही याच छताखाली होते. कार्यालयातल्या कल्याण संघटकाशी ओळख ठेवा. कुठल्या योजनेचा अर्ज कधी भरायचा, हे त्यांच्याइतकं कुणाला पाठ नसतं. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं मुख्यालय पुण्यात आहे आणि 'महासैनिक' हे त्याचं पोर्टल.

घरपट्टी माफीसाठीही याच कार्यालयाचा दाखला लागतो. २०२०च्या बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत राज्यातल्या एका घरापुरती ही सवलत आहे. अर्ज ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत करायचा.

स्पर्श आणि ईसीएचएस

पेन्शन आता 'स्पर्श' या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून येते. लॉगिन, पासवर्ड आणि नोंदवलेला मोबाइल नंबर पत्नीलाही माहीत हवा. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावाच लागतो, नाहीतर पेन्शन थांबते. मोबाइलवर जमत नसेल तर सीएससी (सरकारी सेवा देणाऱ्या) केंद्रात जा.

ईसीएचएस ही १ एप्रिल २००३ला सुरू झालेली आरोग्य योजना. एकदाच पैसे भरायचे: हवालदारापर्यंत ३०,००० रुपये, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ६७,०००. जवळचं पॉलिक्लिनिक निवडून कुटुंबाची कार्डं काढा. खासगी रुग्णालयात जायचं तर आधी पॉलिक्लिनिकचं रेफरल घ्यायचं. अपघात, हृदयविकार अशा वेळी थेट जवळचं रुग्णालय गाठा. ते योजनेत नसेल तर दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. कॅन्टीन कार्डाचं सांगत नाही, ते कुणी विसरत नाही.

नोकरी

गेटवर बारा तास उभं राहायची नोकरी लगेच मिळते. लगेच मिळते म्हणूनच घेऊ नका. सुरक्षेचंच काम करायचं असेल तर माजी सैनिक महामंडळात, म्हणजे मेस्कोत, आधी चौकशी करा. सरकारी नोकरीत महाराष्ट्रात गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना १५ टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतूनच दिलं जाणारं, आरक्षण आहे. केंद्रात हेच प्रमाण गट क ला १० आणि पूर्वीच्या गट ड मधल्या पदांना २० टक्के. केंद्राच्या भरतीत वय मोजताना सेवेची वर्षं वजा होतात आणि वर आणखी ३ वर्षांची सूट मिळते. दहावी झालेल्या आणि १५ वर्षं सेवा केलेल्या जवानाला केंद्राच्या गट क मधल्या काही पदवीच्या पदांसाठीही अर्ज करता येतो. एक खाच ध्यानात ठेवा: केंद्राच्या नियमाप्रमाणे या कोट्यातून एकदा सरकारी नोकरी धरली की तो फायदा तिथेच संपतो. दुसरीकडेही अर्ज केलेले असतील तर रुजू होताना त्यांची यादी लेखी द्या, म्हणजे त्या अर्जांपुरता हक्क शाबूत राहतो.

खासगी कंपनीसाठी बायोडेटा फौजेबाहेरच्या माणसाला समजेल असा लिहा. 'सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) होतो' म्हटल्यावर समोरचा नुसती मान हलवतो. 'शंभरावर माणसांची हजेरी, ड्युटी आणि शिस्त सांभाळली' म्हटलं की तो खुर्चीत पुढे सरकतो. अजून नोकरीत असाल तर पुनर्वसन महासंचालनालयाचे अभ्यासक्रम निवृत्तीआधीच मागून घ्या.

फंडाच्या पैशाचं माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी दोन मजली बंगला नको, मेव्हण्याच्या धंद्यात भागीदारी तर नकोच. दुसरं उत्पन्न सुरू होईपर्यंत मुदत ठेवीत राहू द्या.

मुलं

व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की लगेच पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. ही अधिकारी दर्जाखालच्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे. प्रवेशासाठीच्या परीक्षेत ६० टक्के गुण हवेत. मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर. शिकायला जिल्ह्याच्या गावी ठेवायचं असेल तर सैनिकी वसतिगृहात जागा विचारा.

घरातली घडी

इतकी वर्षं घर पत्नीने चालवलेलं असतं. शेत कुणाला वाट्याने द्यायचं, सोसायटीचं कर्ज कधी भरायचं, धाकट्याला कुठल्या क्लासला घालायचं, सगळं तिने ठरवलेलं. सुभेदार साहेब घरी येऊन पहाटे पाचला सगळ्यांना फॉलइन करू लागले की खटके उडणारच. पहिले काही महिने नुसतं बघा, विचारा आणि तिचं चालू द्या. झोप उडाली असेल, चिडचिड वाढली असेल, पिणं वाढलं असेल तर १४४१६ या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोला. पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) सैन्यदलांसाठी त्याचा स्वतंत्र कक्ष २०२३ मध्ये सुरू झाला आहे. फोन पत्नीनेही केला तरी चालतो.

बांधाचं भांडण किंवा भावकीचा दावा निघाला असेल तर आधी वकील गाठू नका. २०२५ पासून नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) वीर परिवार सहायता योजनेत सैनिक बोर्डांच्या कार्यालयांतच मोफत कायदेशीर मदतीची केंद्रं सुरू होत आहेत. आपल्या जिल्ह्यातलं कुठल्या वारी उघडतं ते विचारून, सातबारा आणि फेरफाराचे उतारे घेऊन जा.