हशा का पिकत नाही? नव्या स्टँड-अपवाल्यांनो, या चुका टाळा

"पब्लिक थंड होतं यार." ओपन माइक, म्हणजे कुणालाही स्टेजवर येऊन विनोद करून बघता येतो तो कार्यक्रम, संपला की बाहेर चहाच्या टपरीवर हे वाक्य हमखास कानावर पडतं. कधी कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा त्याच पब्लिकने तुमच्या आधीच्या माणसाला पोट धरधरून हसून दाद दिलेली असते. मग दोष दुसरीकडे शोधावा लागतो. माझं मत असं की, पडलेल्या सेटमध्ये, म्हणजे स्टेजवर सलग सांगितलेल्या जोक्समध्ये, विनोद नव्हताच असं फार क्वचित होतं. विनोद असतो, पण नेमकं कुठे हसायचं ते समोरच्याला कळत नाही. बहुतेक चुका या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा दुरुस्त करता येतात.

कट्ट्यावरचा हशा हिशेबात धरू नका

"ग्रुपमध्ये मी बोललो की सगळे लोळतात." लोळत असतील, पण ते तुमच्या वाक्यावर लोळत नसतात. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या रोजच्या गप्पांमधले हसण्याचे सुमारे १,२०० प्रसंग टिपले. विनोद म्हणता येईल अशा वाक्यावर आलेलं हसू त्यात जेमतेम १० ते २० टक्के निघालं. बाकी लोक "बरं, भेटू मग" असल्या साध्या वाक्यांवर हसत होते. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसतो, हेही त्याला दिसलं. म्हणजे कट्ट्यावर जे पिकतं ती दोस्ती असते, आणि स्टेजवर ती सोबत येत नाही.

मित्रांना तुमचा बॉस माहीत असतो, हा दुसरा भाग. जॉनी लिव्हर यांचं आडनाव कुठून आलं ते आठवा. हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात काम करताना ते साहेबांच्या नकला करायचे आणि कामगार फिदा व्हायचे, कारण ते साहेब रोज त्यांच्या डोक्यावर बसलेले असत. तुमच्या एचआरची नकल कितीही हुबेहूब असली, तरी खोलीतल्या साठ अनोळखी लोकांसाठी तो निव्वळ विचित्र आवाज आहे. आधी तो माणूस दोन ओळींत उभा करा, मग त्याची टर उडवा.

पंच वाक्याच्या पोटात गाडू नका

ही चूक सगळ्यात महागात पडते, आणि मराठीत ती जरा जास्तच होते. मराठी स्टँड-अप तसं तरुण आहे. भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनल सुरू झालं २०१६ साली. आज माइक हातात घेणाऱ्या बहुतेकांनी हे तंत्र हिंदी-इंग्रजी क्लिप बघून उचललं आहे. तिथे एक नियम पक्का असतो, की ज्या शब्दावर हसू यायचं तो शब्द, म्हणजे पंच, सगळ्यात शेवटी. हसू फुटायला थोडी मोकळी जागा लागते. पंचच्या शब्दानंतर तुमचं तोंड चालूच राहिलं, तर ऐकणारा हसू आवरतो, कारण त्याला वाटतं पुढे अजून काहीतरी आहे.

आता आपल्या वाक्याच्या शेवटी काय येतं? क्रियापद. "होतं", "असतं", "म्हणाली", "करत बसते". म्हणजे तुमचा खरा शब्द होऊन गेलेला असतो आणि त्याच्या मागून दोन-तीन शब्द फरफटत येत असतात. त्यात आपल्याला वाक्य संपवताना आवाज खाली टाकायची सवय. मग सगळंच पाण्यात.

एक नमुना बघू. नवखा माणूस हे असं लिहितो:

"तर माझी आई ना, खूप काटकसरी आहे, म्हणजे आमच्याकडे काहीच वाया जात नाही, तर ती काय करते, दुधाच्या रिकाम्या पिशव्या असतात ना, त्या धुते आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवर वाळायला चिकटवते, त्यामुळे आमच्या भिंतीवर टाइल्सच्या ऐवजी चितळेंच्या पिशव्याच दिसत असतात."

गंमत इथे आहेच. धुतलेल्या पिशव्या ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवलेलं घर निम्म्या प्रेक्षकांनी पाहिलेलं असतं. पण "चितळे" हा शब्द तीन शब्दांखाली चेंगरला आहे. शिवाय "काटकसरी" म्हणून तुम्ही निकाल आधीच सांगून मोकळे झालात, आता प्रेक्षकाने स्वतः ताडायला उरलं काय? हेच छाटून बघा:

"आई दुधाच्या पिशव्या धुऊन ओट्यामागच्या भिंतीवर चिकटवते. सगळ्यांच्या किचनला टाइल्स असतात. आमच्या किचनला… चितळे."

क्रियापद गेलं तरी काही बिघडलं नाही. मराठी हे मुकाट्याने चालवून घेते. जिथे क्रियापद हवंच असतं तिथे ते पुढे ओढा: "त्याने चक्क म्हैस आणली" याच्या जागी "त्याने आणली काय? म्हैस." बोलताना आपण हे सहज करतो, लिहायला बसलो की निबंध लिहायला लागतो.

आणि एवढ्यावर थांबू नका. हसू ओसरायला लागलं की त्याच पाठीवर दुसरी ओळ टाका, तिला टॅग म्हणतात: "पाहुण्यांनी विचारलं, डिझाइन कुठलं? आई म्हणाली, म्हशीचं." नवं काही सांगायला न घेता दुसरा हशा मिळाला. नवखे लोक एक पंच लागला की घाबरून लगेच पुढच्या विषयावर उडी मारतात आणि हातातलं सोनं तिथेच टाकून येतात. आणि हो, कोल्हापुरात सेट असेल तर चितळेच्या जागी गोकुळ. पिशवी ओळखीची नसेल तर भिंतही ओळखीची वाटत नाही.

कथाकथनाची सवय

मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथन करून मराठी माणसाच्या कानाला एक वळण लावलं. गोष्ट सावकाश रंगणार, माणसं एकेक करून येणार, आपण मांडी ठोकून बसायचं. वारसा मोठा आहे, पण पाच मिनिटांच्या स्पॉटला तो जसाच्या तसा चालत नाही. कथाकथनाला आलेला श्रोता तुम्हाला दहा मिनिटं उधार देतो, कॅफेत कॉफी घेऊन बसलेला अनोळखी प्रेक्षक तीस सेकंदही देत नाही. मुरलेल्या कॉमिकच्या, म्हणजे स्टँड-अप करणाऱ्याच्या, सेटमध्ये मिनिटाला साधारण चार ते सहा हशे असावेत, असा एक ढोबळ हिशेब धरतात. तुमचा कागद घ्या आणि पहिला हशा कितव्या ओळीला अपेक्षित आहे तिथे खूण करा. ती खूण दुसऱ्या परिच्छेदात असेल, तर पहिला परिच्छेद तुम्ही स्वतःसाठी लिहिलाय.

गोष्ट सांगायची हौस असेल तर जरूर सांगा, फक्त वाटेत हशे पेरा. "तेव्हा मी अकरावीला होतो, नाही बारावीला, म्हणजे बारावीच्या सुट्टीत" हे पोलिसांना सांगायचं असतं.

किरकोळ वाटणाऱ्या पण जीव घेणाऱ्या गोष्टी

"मी पहिल्यांदाच करतोय, सांभाळून घ्या." का घ्यायचं? असं म्हटलं की लोक हसायचं सोडून तुमची काळजी करायला लागतात. "आता एक जोक सांगतो" हेही तसंच. पडलेला जोक समजावून सांगणं त्याहून वाईट, आणि "कळला नाही वाटतं तुम्हाला" हे सगळ्यात वाईट.

हशा चालू असताना बोलू नका. हशा चढतो, टोकाला जातो, उतरायला लागतो. तो निम्मा उतरला की पुढचं वाक्य सुरू करायचं. पूर्ण शांततेची वाट पाहिली तर पुन्हा शून्यापासून गाडा ओढावा लागतो, आणि चढत्या हशावर बोललात तर लोक हसायचं थांबवून ऐकू लागतात. दोनतीनदा असं झालं की ते न हसायला शिकतात.

माइक हनुवटीपाशी धरा, छातीपाशी नाही. स्टँड बाजूला, मागे ठेवा.

नवरा-बायको, पुणेरी पाट्या, लोकलची चौथी सीट: विषय बाद नाहीत, पण व्हॉट्सॲपवर फिरून फिरून त्यांचे शेवट लोकांना पाठ झालेत. तुमच्या घरातलं काही त्यात नसेल तर हात लावू नका.

क्राउडवर्कचे, म्हणजे प्रेक्षकांशी बोलता बोलता हशा काढण्याचे, रील बघून खूप जण फसतात. "कुठून आलात?" "नाशिक." "अच्छा… नाशिक." पुढे सन्नाटा. त्या एका रीलच्या मागे किती कोरड्या रात्री असतात ते रीलमध्ये दिसत नाही. आधी लिहिलेली पाच मिनिटं पक्की करा.

शिव्यांचं आणि बोचऱ्या विनोदाचं काय? पीटर मॅकग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी २०१० मध्ये एक मांडणी केली. काहीतरी मोडतंय, खटकतंय, पण त्याच वेळी ते निर्धोकही आहे असं वाटलं, तर माणूस हसतो. यातली एक बाजू गेली की हसू गेलं. काहीच खटकलं नाही तर जांभई येते आणि निर्धोक वाटलं नाही तर अंगावर काटा. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलण्याची नुसती खिल्ली उडवणारे नेमके इथे आपटतात. त्या बोलीत बोलणारा माणूस हुशार असेल तर लोक त्याच्यासोबत हसतात, बावळट असेल तर त्या भागातून आलेली शेवटची रांग हाताची घडी घालते. पहिल्या मिनिटातली शिवी फुकटचा हशा मिळवून देते, आणि नंतर प्रत्येक वेळी तेवढीच किंमत मागते.

कधी कधी दोष खरंच खोलीचा असतो

एकटा माणूस सहसा हसत नाही. माणसं सोबत असताना हसण्याची शक्यता एकटं असण्यापेक्षा तीसपट असते, असं प्रोव्हाइनच म्हणतो. म्हणून साठ लोक छोट्या खोलीत खांद्याला खांदा लावून बसले तर हशा भडकतो, आणि तेच साठ लोक बालगंधर्वसारख्या मोठ्या नाट्यगृहात विखुरले तर प्रत्येक जण एकटाच शो बघत असतो. पुढच्या तीन रांगा रिकाम्या असतील तर होस्टला सांगून लोकांना पुढे ओढा. प्रेक्षकांवरचे दिवे मंद करायला सांगा, आपण हसताना कुणी बघतंय हे लोकांना नको असतं. मागे कॅफेचा मिक्सर फिरत असेल तर तो थांबेपर्यंत पंच टाकू नका. आणि प्रेक्षकांत निम्मे कॉमिकच असतील, मनातल्या मनात स्वतःचा सेट घोकत, तर त्या रात्रीचा निकाल फार मनावर घेऊ नका.

रेकॉर्डिंग ऐका, मग निदान करा

फोन खिशात ठेवून प्रत्येक सेट रेकॉर्ड करा. स्वतःचा आवाज ऐकवत नाही हे मान्य, तरी ऐका. हशा उशिरा आणि तुटक आला असेल तर पंच गाडला गेलाय, शब्द शेवटी न्या. एका खोलीत लागलेली ओळ दुसरीत पडली तर बहुधा संदर्भ अनोळखी होता किंवा ओळ चुकीच्या जागी आली. चार-पाच वेगवेगळ्या खोल्यांत शांतताच मिळाली तर शब्द बदलत बसू नका, मुळात विषयातच कुणाला रस नाही. आणि सेटअपच्या, म्हणजे पंचच्या आधीच्या तयारीच्या, मधेच, तुम्हाला नको होतं तिथे, कुणीतरी खुसखुसलं असेल तर ती जागा सोडू नका. लोकांनी तुम्हाला खरा जोक दाखवलाय.

एका वेळी एकच गोष्ट बदला. एका वाईट रात्रीनंतर अख्खा सेट फाडून टाकणारे दर आठवड्याला नवं लिहितात आणि दर आठवड्याला पहिल्यांदाच पडतात.

आणि पडत असताना वेळ ओलांडू नका. मागून फोनचा लाइट, म्हणजे वेळ संपल्याची खूण, दिसला की "शेवटचा एक सांगतो" म्हणून आणखी तीन मिनिटं कुणी हशा मिळवलेला मला तरी आठवत नाही. चालू ओळ संपवा, होस्टचं नाव घ्या, माइक स्टँडला लावा आणि उतरा. पुढच्याला खोली जरा तरी गरम मिळाली पाहिजे, आणि पुढच्या वेळचा स्पॉट तुम्हाला त्याच होस्टकडून हवा आहे.