गेटवरच्या गंजलेल्या दिव्यांना नवा रंग

बेळगावचा पाऊस म्हटल्यावर गेटवरच्या लोखंडी दिव्यांना गंज ठरलेलाच, पण रंगकाम दिवाळीनंतर हवा कोरडी पडली कीच काढा. मेन स्विच बंद करून टेस्टर लावा, मगच दिवा खाली घ्या. सुटलेला रंग वायर ब्रशनं खरवडायचा, मग 80 आणि शेवटी 180 नंबरचा पॉलिश पेपर, स्क्रूच्या भोकाभोवती रंग फुगलेला असतो ना तिथं नख लावून बघा, पापुद्रा निघाला तर आत गंज आहेच. टर्पेंटाइननं पुसून रेड ऑक्साइड प्रायमर (हा लोखंडालाच, अ‍ॅल्युमिनियमला एचिंग प्रायमर), रात्रभर वाळू द्या. होल्डर आणि काचेला मास्किंग टेप. ऑइलपेंटचे दोन पातळ हात पुरेत, जाड मारला की ओघळ येतात. रबरी गॅस्केट चिरलं असेल तर बदलाच, आणि पाणी निघायचं खालचं भोक तेवढं रंगानं बुजवू नका.