विमानांचं वेड ते विमानाच्या पार्टचं वर्कशॉप: बडोद्यातला माझा अनुभव

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजार, रावपुऱ्यातलं ओळखीचं कोणीतरी मुलाला घेऊन माझ्याकडे येतं. "याला लहानपणापासून विमानांचं भारी वेड. याला एरोनॉटिकललाच घालायचं म्हणतोय." मी मुलालाच विचारतो, "बाळा, तुला विमान उडवायचंय, दुरुस्त करायचंय, डिझाइन करायचंय की बनवायचंय?" बहुतेकांनी असा विचारच केलेला नसतो. त्यात त्यांचा दोष नाही, कारण हे चार मार्ग चार दिशांना जातात हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. एकदा फी भरून झाली की मग दिशा बदलणं फार महाग पडतं.

मी यातल्या चौथ्या मार्गाने आलो. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे सरकारी औद्योगिक वसाहतीत, माझं छोटं मशीन शॉप आहे आणि आम्ही विमानाच्या सांगाड्यात बसणारे ॲल्युमिनियमचे पार्ट बनवतो.

वेड मात्र मलाही इतरांसारखंच लागलं. आमचं घर कारेलीबागेत, हरणीचं विमानतळ जवळ. वायुदलाची ॲव्हरो ही वाहतुकीची विमानं डोक्यावरून जायची. त्यांच्या रोल्स रॉईस डार्ट इंजिनांना एक बारीक, कानात घुसणारी शिट्टी असायची. ती ऐकू आली की हातातलं ताट ठेवून मी गच्चीवर पळायचो. वडिलांना यातलं काही कळत नसे, पण त्यांनी कुठूनतरी डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्यावरचा एक लेख आणून दिला. जर्मनीत ग्यॉटिंगेनला प्रांटल या नामवंत विमानशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आलेला एक मराठी माणूस बेंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 हे शिकाऊ विमान डिझाइन करतो आणि ते 1951 मध्ये उडतं, हे वाचल्यावर विमान हे माणसं ड्रॉइंग काढून, पत्रे कापून, रिव्हेट मारून बनवतात हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. तोवर विमान म्हणजे मला नुसतं आकाशातलं काहीतरी वाटायचं.

आता ते चार मार्ग. पायलटचं थोडक्यात सांगतो: फिजिक्स-मॅथ्सची बारावी, डीजीसीएचं (देशातल्या नागरी विमानांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचं) मेडिकल, किमान 200 तासांचं उड्डाण आणि भरपूर पैसा. मेडिकल सगळ्यात आधी करा. डोळ्यांत किंवा कानात काही निघालं तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.

खरा गोंधळ असतो तो दुरुस्ती आणि डिझाइन या दोघांत. एरोनॉटिकल इंजिनीअरिंगची पदवी आणि एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअरचं लायसन्स, या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. दुरुस्तीनंतर विमान उडायला योग्य आहे अशी सही लायसन्सवाला करतो. बी.टेक. झालेला मुलगा कितीही हुशार असला तरी त्या पदवीवर ती सही करू शकत नाही. लायसन्ससाठी डीजीसीएने सीएआर-147 या नियमाखाली मान्य केलेल्या संस्थेत शिकावं लागतं, मग एकेका मॉड्यूलची परीक्षा द्यावी लागते. पास व्हायला 75 टक्के लागतात. टर्बाइन इंजिनाच्या विमानांची कॅटेगरी बी1.1, इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सची बी2. शिवाय प्रत्यक्ष विमानावर काम केल्याची नोंदवही आणि पुढे एकेका विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानावर सही करायची मान्यता. संस्था निवडताना तिची मान्यता कोणत्या कॅटेगरीची आहे, ते डीजीसीएच्या यादीत स्वतः बघा. माहितीपत्रकावरच्या विमानाच्या फोटोवर जाऊ नका.

डिझाइन करायचं असेल तर पदवी हवीच आणि शक्यतो मास्टर्सही. मुंबई, मद्रास, कानपूर, खरगपूरच्या आयआयटींमध्ये एरोस्पेसचे जुने विभाग आहेत, आणि बेंगळुरूला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल आणि विमान-संशोधनाची प्रयोगशाळा एनएएल. गणित मनापासून आवडत असेल तरच तिकडे वळा, नुसत्या विमानाच्या आवडीवर तिथे निभाव लागत नाही.

आणि चौथा मार्ग बनवण्याचा. तो फार थोड्यांना ठाऊक असतो आणि याला एरोनॉटिकलची अटही नाही. माझी पदवी मेकॅनिकलची, एमएसयूच्या, म्हणजे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या, टेक्नॉलॉजी फॅकल्टीतली. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या कलाभवनातून वाढलेली ही फॅकल्टी. ज्याला आज आपण 'स्किल' म्हणतो ते या गावात तेव्हापासून शिकवलं जातंय. आमच्या शॉपमध्ये उत्तम काम करणाऱ्यांत आयटीआयचे टर्नर आहेत, डिप्लोमावाले आहेत, एक मेटलर्जीची मुलगी आहे.

पदवीनंतर मी मकरपुऱ्यातच एका शॉपमध्ये लागलो. रिफायनरी आणि खत कारखान्यांसाठी पंप-व्हॉल्व्हचे पार्ट तिथे बनत. मालकांना सगळे काका म्हणायचे. त्यांनी मला बराच काळ मशीनच्या प्रोग्रॅमिंगला हात लावू दिला नाही, बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर हातात दिला. म्हणायचे, "अरे, मशीन तर कापतंच. काय कापलं ते तुला कळतंय का ते सांग." तिथून बेंगळुरूला, विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीच्या क्वालिटी विभागात गेलो. माझ्या धंद्याचा पाया म्हणाल तर तो हाच. बाजारात मशीनवर बसणारे पुष्कळ मिळतात. पार्ट का पास झाला हे लिहून दाखवणारे कमी मिळतात, आणि या धंद्यात ऑर्डर त्यांच्या भरवशावर येते.

हे नीट कळावं म्हणून एका पार्टचं काम सांगतो. विमानाच्या सांगाड्यातली एक रिब, म्हणजे बरगडीसारखा आधार, घ्या. माल 7050 ग्रेडच्या ॲल्युमिनियमची जाड प्लेट. टेम्पर, म्हणजे धातूवर केलेली प्रक्रिया, टी7451. त्यातला शेवटचा 51 म्हणजे प्लेट कारखान्यातच ताणून तिच्यातला अंतर्गत ताण कमी केलेला आहे. कमी होतो, पूर्ण जात नाही. आमच्याकडे प्लेटचं नव्वद टक्क्यांहून जास्त वजन चिप्स होऊन जातं आणि उरतात दीड मिलिमीटर जाडीच्या भिंती. एका बाजूने सगळं कापून काढलं तर उरलेला ताण पार्टला पापडासारखा वाकवतो. म्हणून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं रफिंग, म्हणजे जाडसर कापणी, करायची, क्लॅम्प सोडायचा, पार्टला हवा तसा वाकू द्यायचा, परत सपाट करून घ्यायचा आणि मग फिनिशिंगला घ्यायचं. शेवटी शेवटी पातळ भिंत टूलखाली थरथरू लागते आणि आवाज बदलतो. आमचे जुने ऑपरेटर स्क्रीनकडे न बघता त्या आवाजावरून फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, कमी करतात. नव्या मुलांना मी त्यांच्या शेजारी नुसतं उभं करतो, ऐकायला.

मशीनवरून पार्ट उतरला की डिबरिंग. नव्या पोरांना हे काम हलकं वाटतं: कडेची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कोर, काढायची, फाइल (कानस) मारायची, झालं. मी त्यांना कॉमेटची गोष्ट सांगतो. डी हॅविलँड कॉमेट हे जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान. 1954 मध्ये तीन महिन्यांच्या अंतराने दोन कॉमेट हवेतच फुटली. तपासणाऱ्यांनी एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला, तेव्हा छेदांच्या कोपऱ्यांपाशी धातू थकून चीर पडते हे समोर आलं. चीर सुरू व्हायला धारदार कोपरा, ओरखडा, राहिलेली बर एवढं पुरतं. ड्रॉइंगवर कड किती मोडायची याचा आकडा असतो, कमीही नको आणि जास्तही नको. हे समजल्यावर त्या मुलाचा फाइल धरलेला हात बदलतो. मी हे अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी मला तेवढाच आनंद होतो.

आता कागद. प्लेट येते ती हीट नंबर, म्हणजे धातूच्या ज्या वितळणीतून ती निघाली तिचा नंबर, आणि टेस्ट सर्टिफिकेटसकट. प्लेट कापली की प्रत्येक तुकड्यावर तो नंबर पुन्हा मारायचा. नंबर नसलेला तुकडा कितीही चांगल्या धातूचा असला तरी विमानासाठी तो भंगार, कारण उद्या त्या हीटमध्ये खोट निघाली तर त्यातले पार्ट कोणत्या विमानात आहेत हे शोधता आलं पाहिजे. नवा पार्ट पहिल्यांदा बनला की फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन: ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक टिपेला बलून, म्हणजे छोटा गोल, काढून नंबर द्यायचा आणि प्रत्येक नंबरासमोर प्रत्यक्ष आलेलं माप लिहायचं. एएस9102 हे त्याचं स्टँडर्ड, तीन फॉर्म असतात. कोणत्या गेजने मोजलं, त्याचं कॅलिब्रेशन कधी झालं, मोजणाऱ्याचा स्टॅम्प कोणता, हे सगळं सापडलं पाहिजे. कॉलेजात हे कोणी शिकवत नाही. ज्याला हे येतं त्याला आमच्या धंद्यात नोकरीची चिंता नसते.

ज्यांना पुढे स्वतःचं काही काढायचंय त्यांच्यासाठी पैशाचं उघड सांगतो. मशीन विकत घेणं हा सोपा भाग, बँका त्यावर कर्ज देतात. अवघड असतो तो मधला काळ. आधी एएस9100 हे विमान उद्योगातलं क्वालिटीचं सर्टिफिकेट. मग ग्राहकाचं ऑडिट. मग नमुन्याचे पार्ट. मग ॲनोडायझिंग (गंजापासून वाचवणारा थर चढवणं) आणि पेनिट्रंट टेस्टिंग (रंगद्रव लावून चिरा शोधणं), ज्यांना नॅडकॅप या विमान उद्योगाच्या योजनेची मान्यता लागते. लहान शॉपला ते घरात परवडत नाही, म्हणून पार्ट बेंगळुरूला पाठवायचे आणि वाट बघायची. पहिल्या बोलणीपासून पहिलं बिल निघेपर्यंत वर्ष सहज उलटतं. या काळात पगार, हप्ते, विजेचं बिल थांबत नाही. आम्हाला तारलं ते पंप-व्हॉल्व्हच्या कामाने आणि ते आम्ही आजही सोडलेलं नाही. लहान उद्योगांचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा 2006 चा कायदा आहे. तरीही एका मोठ्या ग्राहकाने आमचं बिल कितीतरी महिने अडकवून ठेवलं होतं. तेव्हा एकाच ग्राहकावर शॉप उभं करू नका. भागीदार घ्याल तर हिशोबाचा पक्का घ्या, विमानाचं वेड तुमचं एकट्याचं पुरेसं आहे.

अख्खं विमान बनवण्याचं स्वप्न असेल तर मुंबईचे कॅप्टन अमोल यादव यांची वाटचाल नीट अभ्यासा. इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं विमान 2016 मध्ये मुंबईत 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. उडवून बघण्याची परवानगी मिळाली 2019 मध्ये. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या मार्गाने जाणाऱ्याने बांधणीइतकाच वेळ आणि पैसा परवानग्यांसाठी बाजूला ठेवावा.

बडोद्याच्या मुलांना आज जे आहे ते आमच्या वेळी नव्हतं. माझ्या लहानपणची ती ॲव्हरो ज्या सी-295 या वाहतूक विमानासाठी निवृत्त होतायत, त्याची असेंब्ली लाइन आपल्याच गावात आली. 28 ऑक्टोबर 2024 ला टाटा-एअरबसच्या त्या कारखान्याचं उद्घाटन झालं. एकूण 56 विमानं: 16 स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार आली, 40 इथे जुळवायची. एका विमानाचे 13,000 हून जास्त सुटे पार्ट भारतात बनवायचे असं ठरलेलं आहे. पार्ट बनतात ठिकठिकाणी, मोठे भाग हैदराबादला जुळतात, शेवटची जुळणी बडोद्यात. म्हणजे इथे नोकरी हवी असेल तर स्ट्रक्चर फिटिंग, वायरिंग, हायड्रॉलिक्स, टेस्टिंग या कामांकडे बघा. मशीनिंगची आवड असेल तर नुसत्या त्या एका गेटकडे डोळे लावून बसू नका, देशभरातले सप्लायर बघा. बडोद्यातल्याच लालबागच्या गती शक्ती विश्वविद्यालयाने 2023 मध्ये एअरबसशी करार केलाय, तिकडचे अभ्यासक्रमही पाहून ठेवा.

सुरुवात कुठून करायची, तर अप्रेंटिसशिपपासून. पगार कमी असतो, पण एका वर्षात शॉप आतून कळतं. मुलाखतीला गेलात की शॉप फ्लोअर दाखवा म्हणून मोकळेपणाने सांगा. टूल ठेवायच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली आहे का बघा, म्हणजे एखादं गायब असलं तर लगेच कळतं. विमानात विसरलेला पाना किती नुकसान करू शकतो हे त्या लोकांना ठाऊक आहे, असा त्याचा अर्थ. नापास पार्ट कुलपात, वेगळ्या पिंजऱ्यात आहेत का आणि भंगारात देण्याआधी ते कापून निकामी करतात का, हे विचारा. विचारल्यावर कोणी वैतागलं तर दुसरं शॉप बघा. कोणी तुम्हाला थेट पिंजऱ्यापाशी नेऊन एकेका पार्टचा टॅग वाचून दाखवला, तर पगार थोडा कमी असला तरी तिथे रुजू व्हा.