रक्तातली चरबी आणि लिव्हर: डीएमएलटीला नव्याने येणाऱ्यांसाठी

खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स करून बेळगावात डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला, येणारी मुलं लिपिडच्या, म्हणजे चरबीच्या, धड्याला हमखास घाबरतात. मीही त्याच वाटेने आलो. माझं सांगणं एवढंच, की एन्झाइमांची नावं घोकू नका, चरबीचा प्रवास धरा. नावं मग आपोआप जागेवर बसतात.

जेवणातलं तूप-तेल आतड्यात पचतं आणि कायलोमायक्रॉन नावाच्या कणांत भरलं जातं. हे कण थेट लिव्हरकडे जात नाहीत. लसिकावाहिन्यांतून, थोरॅसिक डक्टमधून ते रक्तात उतरतात. स्नायू आणि मेदपेशींजवळच्या केशवाहिन्यांत लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम त्यांतलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे मुख्य चरबी, तोडतं. त्यासाठी कणावर एपो सी-२ हे प्रथिन लागतं. उरलेला लहान कण लिव्हर एपो ई या प्रथिनावरून ओळखतं आणि आत घेतं.

लिव्हरचं स्वतःचं एन्झाइम म्हणजे हिपॅटिक लायपेज. लिव्हरमधल्या सायनुसॉइडांच्या, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांच्या, आतल्या बाजूला हेपॅरन सल्फेटच्या साखळ्यांना धरून ते काम करतं. ट्रायग्लिसराइड आणि फॉस्फोलिपिड दोन्ही तोडतं. रक्तात चरबी वाहणाऱ्या आयडीएल कणाचं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहणारा लहान कण, होतं ते याच्या मदतीने. पण एलडीएल रक्तातून उचलतो तो रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं त्याला पकडणारं प्रथिन. त्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. पुढे लिव्हरमध्ये सीवायपी७ए१ हे एन्झाइम कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवायला सुरुवात करतं. मला हा टप्पा सगळ्यांत सुंदर वाटतो, कारण कोलेस्टेरॉल शरीराबाहेर जाण्याची मोठी वाट इथूनच उघडते.

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) मुलं अडकतात ती एसजीपीटीवर. रिपोर्टात ‘लिव्हर एन्झाइम’ म्हणून येणाऱ्या एसजीपीटी-एसजीओटीचं काम अमिनो आम्लांवर चालतं. चरबी उपसण्याशी त्यांचा संबंध नाही. पेशींना इजा झाली की ती रक्तात वाढतात, म्हणून फॅटी लिव्हरमध्ये वाढलेली दिसू शकतात.

हा प्रवास समजला की बेंचवरचं कामही वेगळं दिसतं. ट्रायग्लिसराइडच्या रिएजंटमध्ये लायपेजच असतं! ते ग्लिसरॉल सुटं करतं, पुढची एन्झाइमं त्यातून गुलाबी रंग आणतात आणि मशीन तो मोजतं. सेंट्रिफ्यूजमधून सीरम दुधासारखं पांढरं निघालं तर थांबा, कारण तो गढूळपणा इतर टेस्टचे आकडेही बिघडवतो. पेशंटला विचारा, “जेवलासा काय?” कन्नड बोलणाऱ्यांना, “ऊटा आतेन्री?” चहाचं वेगळं विचारायचं, कारण आपल्याकडे साखर-दुधाचा चहा घेऊन आलेला माणूसही स्वतःला उपाशीच म्हणवतो.

आणि ट्रायग्लिसराइड डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर फ्रिडेवाल्ड सूत्राने, म्हणजे इतर आकड्यांवरून हिशेबाने, काढलेला एलडीएल रिपोर्टात जाऊ देऊ नका. सरांना दाखवा, डायरेक्ट एलडीएल, म्हणजे थेट मोजणारी टेस्ट, लावायला सांगतील.