टचपॅड अतिसंवेदनशील झाल्यास काय तपासावे

टाइप करता करता कर्सर अचानक वरच्या परिच्छेदात जाऊन बसतो आणि पुढची अक्षरे भलत्याच वाक्यात उमटतात, तेव्हा टचपॅडला तळव्याचा ओझरता स्पर्शही बोटाचा वाटलेला असतो. अशा वेळी ड्रायव्हर, म्हणजे टचपॅड चालवणारे सॉफ्टवेअर, काढून टाकण्याची घाई न करता बिघाड नेमका कुठे आहे, हे आधी ठरवावे.

बोट जवळ आल्यावर पृष्ठभागाखालच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल टचपॅड टिपत असतो. त्यामुळे घाम, ओलावा किंवा क्रीमचा थर यांनीही कर्सर भरकटतो. लॅपटॉप बंद करून टचपॅड मऊ, कोरड्या कापडाने पुसावा. नंतर चार्जर काढून काही वेळ केवळ बॅटरीवर काम करून पाहावे. कर्सरची थरथर तेवढ्याने थांबली, तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा समजावा. हा दोष ड्रायव्हर बदलून जाणार नाही.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ उघडून ‘टचपॅड’मध्ये जावे. तेथे ‘टॅप्स’खाली संवेदनशीलतेच्या चार पायऱ्या दिसतात, त्यांतील सर्वांत कमी निवडावी. कर्सरचा वेग ही निराळी बाब आहे. तो कमी केल्याने कर्सर सावकाश सरकेल, पण तळव्याच्या स्पर्शाने होणारे क्लिक थांबणार नाहीत. एवढ्यानेही भागले नाही, तर एका बोटाच्या टॅपने क्लिक होण्याची सोय बंद करावी. प्रत्येक क्लिकसाठी टचपॅड दाबावा लागेल खरा, परंतु सतत लेखन करणाऱ्यांसाठी माझ्या मते हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

संवेदनशीलतेचा पर्यायच दिसत नसेल, तर टचपॅड बहुधा सिनॅप्टिक्स, एलान यांसारख्या कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरवर चालत असतो आणि त्याची सेटिंग्ज माउसच्या गुणधर्मांच्या खिडकीत किंवा त्या कंपनीच्या स्वतंत्र प्रोग्रॅममध्ये सापडतात. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे उपकरणांच्या यादीत, टचपॅडच्या नावावर डबल क्लिक करून ‘ड्रायव्हर’ टॅबमधील ‘रोल बॅक ड्रायव्हर’ वापरावे. हे बटण फिकट दिसले, तर मागे जाण्यासाठी आधीचा ड्रायव्हर शिल्लक नाही, असे समजावे. मग लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्यावा. ड्रायव्हर आपोआप शोधून देण्याचा दावा करणारे अनोळखी प्रोग्रॅम टाळावेत. जुना ड्रायव्हर काढण्यापूर्वी यूएसबी माउस जोडून ठेवावा, कारण मध्येच टचपॅड बंद पडला तर पुढचे काम अडते.

टचपॅड एका बाजूने वर आलेला दिसत असेल, त्याचे क्लिक घट्ट झाले असेल किंवा लॅपटॉपच्या तळाला फुगवटा आला असेल, तर वरीलपैकी काहीही करत बसू नये. खालची बॅटरी फुगून टचपॅडला रेटत असण्याची शक्यता असते आणि अशा बॅटरीला आग लागू शकते. लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा, फुगलेला भाग दाबू किंवा टोचू नये आणि बॅटरी सेवा केंद्रातूनच बदलून घ्यावी.